आग घरांची, आळ झुडपांवर

7 जानेवारी 2025 च्या सकाळी लॉस एंजेलिसच्या पश्चिमेला पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये आग लागली आणि त्याच संध्याकाळी शहराच्या ईशान्येला, अल्टाडेनाच्या डोक्यावरच्या ईटन कॅन्यनमध्ये दुसरी. दोन्ही मिळून 16,000 हून जास्त इमारती बेचिराख झाल्या, तिसाच्या आसपास माणसं गेली. राख निवायच्या आत निकालही लागला. एक बाजू म्हणाली, डोंगरावरची झाडी वर्षानुवर्षं साफ केली नाही, पर्यावरणवाल्यांनी करू दिली नाही, त्याचं हे फळ. दुसरी म्हणाली, हा हवामानबदल आहे, बाकी बोलायचंच काय! आपल्याकडे पहिला निकाल जास्त खपला. सॅन होजेपासून अर्व्हाइनपर्यंत ज्यांची भाची-पुतणे आहेत त्या घरांतल्या गप्पांतही 'एवढा श्रीमंत देश, साधं रान साफ ठेवता येत नाही?' हेच वाक्य फिरून फिरून आलं. मार्चमध्ये तर कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट गव्हर्नरांनीच आणीबाणीचा आदेश काढून झाडी काढण्याच्या कामांना पर्यावरणीय तपासणीतून सवलत दिली. दोन्ही पक्षांचं एकमत झालं की सामान्य माणसाला वाटतं, आता तरी ते खरं असणार.

मला ते खरं वाटत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या ज्या डोंगरांबद्दल हे बोललं जातं, तिथे दुर्लक्षित जंगल नाहीच मुळी. तिथे चॅपरल नावाचं झुडपी रान आहे, आणि त्याला जंगलाचा नियम लावला की आग कमी होण्याऐवजी वाढते. शहरं जळतात ती वाऱ्याने, माणसाने टाकलेल्या ठिणगीने आणि घरांच्या बांधणीने. डोंगर बोडका केल्याने यातलं एकही बदलत नाही.

आधी हे रान कसलं ते बघू. तिथलं हवामान आपल्या बरोबर उलट: पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा. मे संपल्यापासून पार ऑक्टोबरपर्यंत आभाळातून जवळजवळ थेंब पडत नाही. अशा मुलखात डोंगरउतारांवर पुरुषभर किंवा त्याहून थोडी उंच, कडक-चिवट पानांची सदाहरित झुडपं वाढतात, इतकी दाट की आत माणूस शिरत नाही. शमीस, मँझनिटा, सिअनोथस, खुरटा ओक, टोयॉन ही त्यातली मुख्य. शमीसची पानं सुईएवढी बारीक आणि तेलकट, पेटली की तडतडतात. मँझनिटाचं खोड गुळगुळीत, गडद तांबडं, हात लावला तर उन्हातही गार लागणारं. शमीस वरून पुरती जळाली तरी जमिनीलगतच्या लाकडी गड्ड्यातून पुन्हा धुमारे फुटतात. सिअनोथसच्या बऱ्याच जाती मात्र मुळासकट मरतात. त्यांच्या बिया मातीत दशकानुदशकं निपचित पडलेल्या असतात. आगीच्या धगीने कवच तडकलं की पुढच्या पावसात त्या रुजतात. काही वनस्पतींच्या बियांना नुसती धगही पुरत नाही; त्यांना धुरातली किंवा जळक्या लाकडातून पाझरणारी रसायनं लागतात. आगीनंतरच्या पहिल्या वसंतात काळ्या उतारावर शेंदरी रंगाची रानखसखस उमलते, एकदोन वर्षं दिसते आणि पुढची आग येईपर्यंत बी होऊन मातीत राहते.

हे वाचून कुणीही म्हणेल, मग प्रश्नच मिटला. या झुडपांना आग हवीच आहे तर थोडी थोडी, ताब्यातली आग लावत राहा, म्हणजे मोठी लागणार नाही. फसगत इथेच होते. आग हवी हे खरं, पण किती वर्षांनी? चॅपरलला दोन आगींमध्ये साधारण 30 ते 150 वर्षांचं अंतर लागतं. बियांवर जगणाऱ्या झुडपाला रुजून, वाढून, फुलून मातीत बियांचा पुरेसा साठा करायला दहापंधरा वर्षं तरी जातात. त्याआधी दुसरी आग आली तर नवी रोपं मरतात आणि जुना साठा आधीच रुजून संपलेला असतो. गड्ड्यातून फुटणारी झुडपंही लागोपाठच्या आगींनी खचतात. मोकळ्या झालेल्या जागेत मग भूमध्य समुद्राकाठून स्पॅनिश लोकांच्या गुरांबरोबर आणि चाऱ्याबरोबर आलेली गवतं, रानओट आणि मोहरी शिरतात. ही मंडळी एप्रिलमध्ये हिरवी असतात, जूनमध्ये काडी झालेली असतात. झुडूप पेटायला जोराचं कारण लागतं. या गवताला गाडीच्या सायलेन्सरची धग पुरते. म्हणजे आगीने गवत आणि गवताने आग, असं चक्र सुरू होतं आणि झुडूप त्यातून बाहेर फेकलं जातं.

कागदावरची भीती म्हणून हे सोडून देता येणार नाही, कारण सॅन डिएगोच्या दक्षिणेला, मेक्सिकोच्या सीमेलगत ओटाय नावाच्या डोंगरावर हा प्रयोग अनवधानाने होऊन गेला आहे. 1979 मध्ये तो डोंगर जळला. पावसाळ्यात माती वाहून जाईल म्हणून, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, वरून रायग्रास या परक्या गवताचं बी फेकलं. गवत जोमात आलं, उन्हाळ्यात वाळलं, आणि 1980 मध्ये त्याच डोंगराचा एक भाग पुन्हा पेटला. झुडपांचे कोवळे फुटवे आणि एक वर्षाची रोपं एरवी जळलीच नसती, इतका ओला, विरळ माल. त्याला काडी लावली ती फेकलेल्या गवताने. पॉल झेडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकदा जळलेला उतार आणि दोनदा जळलेला उतार शेजारी शेजारी मोजले. दोनदा जळलेल्या भागात तिथला सिअनोथस जवळजवळ नाहीसा झाला होता, आणि आगीला पुरून उरणारी म्हणून जिचं नाव त्या शमीसचीही दाणादाण उडाली होती. लक्षात घ्या, इथे कुणी निष्काळजीपणा केला नव्हता. काळजी घेणाऱ्यांनीच गवत पेरलं होतं. दशकानुदशकं चाललेली ही पेरणी पुढे बरीचशी बंद झाली, पण तिच्यामागचा विचार, म्हणजे 'उघडा डोंगर दिसला की काहीतरी करा', तो शाबूत आहे.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं, आणि त्यात पुष्कळ आहे. कॅलिफोर्नियाच्या पूर्वेकडच्या सिएरा नेवाडा पर्वतात पॉन्डेरोसा पाइनची जी अरण्यं आहेत, तिथे आग विझवण्याच्या धोरणाने खरोखर वाटोळं केलं. तिथे पूर्वी पाच ते वीस वर्षांनी जमिनीलगतची, हलकी आग फिरायची. पालापाचोळा आणि बारकी झाडं जळायची, जाड सालीचे जुने वृक्ष टिकायचे. 1910 साली आयडाहो आणि मोंटानात लाखो एकर जंगल जळालं, त्या धास्तीने अमेरिकेच्या वनखात्याने प्रत्येक आग विझवायचा चंग बांधला, आणि 1935 मध्ये तर नियमच केला की दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आली पाहिजे. शंभर वर्षांत त्या अरण्यांत बारक्या झाडांची इतकी गर्दी झाली की आता आग जमिनीवरून शेंड्यावर चढते. तिथे विरळणी करा, नियंत्रित आग लावा, हे सांगणारे बरोबर आहेत आणि त्यांना अडवणारे चूक. आपल्याला ही गोष्ट ओळखीची वाटायला हवी. 1860 च्या दशकात इंग्रजांनी मध्य प्रांतातल्या सातपुड्यात, बोरीच्या जंगलात, आगबंदीचा प्रयोग केला, तो यशस्वी म्हणून गाजवला आणि तोच नमुना साऱ्या हिंदुस्थानावर आणि ब्रह्मदेशावर लादला. काही दशकांनी ब्रह्मदेशातल्या ओलसर सागवनांत आणि आसामच्या सालवनांत कोवळी रोपं उगवेनाशी झाली, आणि त्याच वनखात्याच्या साहेबांवर काही ठिकाणी बंदी उठवायची पाळी आली.

पण या दोन्ही उदाहरणांतून काय शिकायचं? आग नेहमी चांगली, असं? की एका रानाचा नियम दुसऱ्या रानाला लावला की अंगाशी येतं, असं? सिएरातल्या पाइनला आग फार कमी मिळाली. दक्षिणेकडच्या चॅपरलला ती फार जास्त मिळते आहे. उन्हाळ्यातल्या कोरड्या विजा किनाऱ्यालगतच्या त्या डोंगरांवर क्वचितच पडतात; आज कॅलिफोर्नियातल्या शंभरातल्या पंचाण्णव आगी माणसाच्या हातून लागतात. दमेकऱ्याला आणि कावीळ झालेल्याला एकच काढा पाजणाऱ्या वैद्याला आपण घरात घेणार नाही. पण 'जंगलाचं व्यवस्थापन' म्हटलं की दोन्ही रानांना एकच काढा चालतो. 2018 मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव जळाल्यावर तिथे उभं राहून ट्रम्प यांनी फिनलंडचे लोक कसं जंगल झाडून-विंचरून स्वच्छ ठेवतात ते सांगितलं होतं. फिनलंडच्या अध्यक्षांनी झाडण्या-विंचरण्याबद्दल आपण काही बोलल्याचं आठवत नाही असा खुलासा केला, तो विनोद म्हणून सगळीकडे फिरला. मला त्यात हसण्यासारखं फारसं वाटलं नाही. दलदलीच्या, बर्फाच्या देशातलं जंगल आणि सहा महिने पाऊस न पडणारा डोंगर यांत फरक असतो हे न दिसणारे लोक फक्त एका पक्षात नाहीत.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा शास्त्राच्या आतूनच आलेला आहे, त्याला उत्तर द्यायलाच हवं. भूगोलतज्ज्ञ रिचर्ड मिनिच यांनी 1983 मध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवलं की सीमेच्या उत्तरेला, म्हणजे आग विझवणाऱ्या अमेरिकेत, चॅपरलमध्ये थोड्या पण प्रचंड आगी लागतात. आणि सीमेच्या दक्षिणेला, म्हणजे फारसं न विझवणाऱ्या मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात, पुष्कळ पण छोट्या. झुडपं तीच, डोंगर तेच, फरक धोरणाचा. म्हणून छोट्या आगी होऊ द्या, त्यांचे तुकडे मोठ्या आगीला अडवतील. मांडणी देखणी आहे आणि चाळीस वर्षं तिने अनेकांना पटवलं आहे. अडचण अशी की विझवणं सुरू होण्याच्या आधीही उत्तरेला प्रचंड आगी लागत होत्या. सप्टेंबर 1889 मध्ये सांतियागो कॅन्यनची आग लागली तेव्हा ना बंब होते ना वनखातं. ती सुमारे तीन लाख एकरांवर पसरली असा अंदाज आहे. त्याहून जुनी साक्ष सांता बार्बराच्या समुद्रतळाशी आहे. तिथल्या गाळात वाऱ्याने वाहून नेलेल्या कोळशाचे थर बसले आहेत; ते मोजून साडेपाचशे वर्षांचा हिशेब निघाला. मोठ्या आगी स्पॅनिश येण्याआधीही लागत होत्या, नंतरही, आणि विझवण्याच्या काळातही, साधारण त्याच लयीत. जॉन कीली आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये विसाव्या शतकातल्या सरकारी नोंदी तपासल्या, त्यांनाही चॅपरलमधल्या आगी विझवण्याच्या धोरणामुळे मोठ्या झाल्याचं दिसलं नाही.

याचं कारण वारा. सांता आना म्हणतात ते वारे नेवाडाच्या उंच वाळवंटाकडून निघतात, डोंगर उतरताना दाबले जाऊन तापतात, कोरडे होतात आणि दऱ्यांमधून समुद्राकडे सुटतात. जानेवारी 2025 मध्ये त्यांचे झोत ताशी 130 किलोमीटरच्या वर गेले. विमानं-हेलिकॉप्टरं जमिनीवर ठेवावी लागली. अशा वाऱ्यात ठिणगी एक-दोन किलोमीटर पुढे जाऊन पडते. 2018 ची वूल्सी आग 101 क्रमांकाचा रुंद महामार्ग, नुसतं डांबर आणि काँक्रीट, ओलांडून मालिबूत शिरली. जिथे हायवे अडवू शकत नाही तिथे पाच वर्षांपूर्वी जाळलेला झुडपांचा तुकडा काय अडवणार? ऑक्टोबर 2003 मध्ये सॅन डिएगोजवळ सीडर आगीत पावणेतीन लाख एकर जळले, 15 जण मेले, दोन हजारांवर घरं गेली. मिनिच यांचा सिद्धांत खरा असता तर पुढची वीस-तीस वर्षं तो मुलूख सुरक्षित राहायला हवा होता. 2007 च्या ऑक्टोबरमध्ये विच आग आली आणि चार वर्षांपूर्वी जळलेल्या जमिनीतूनही पसरत गेली. वारा नसलेल्या, साध्या उन्हाळी दिवसात कोवळं रान आग मंदावतं, हे मी नाकारत नाही. पण त्या दिवशी घरं जळत नाहीत. घरं जळतात ती वर्षातल्या मोजक्या वाऱ्याच्या दिवसांत.

एक आक्षेप नैतिक आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. इथले मूळ रहिवासी, चुमाश, कुमेयाय आणि इतर, हजारो वर्षं आग लावत होते. 1542 मध्ये काब्रियो हा दर्यावर्दी आजच्या सॅन पेद्रोच्या किनाऱ्याशी आला तेव्हा त्याने त्या उपसागराला धुराचा उपसागर असं नाव दिलं. 1793 मध्ये स्पॅनिश गव्हर्नर आरियागा यांनी फर्मान काढून ही आग गुन्हा ठरवली, आणि वसाहतवाल्यांनी देशी ज्ञान कसं चिरडलं याचा तो पुरावा म्हणून आज दाखवला जातो. तो पुरावा आहेच. उत्तरेतले कारुक आणि युरोक लोक आपल्या अरण्यांत पुन्हा आग लावण्याचा हक्क मागतात, तो त्यांना बिनशर्त मिळायला हवा. पण दक्षिणेत चुमाश लोक आग का लावत? खाण्याजोग्या बिया देणारं गवत वाढावं, हरणांना कोवळा पाला मिळावा, वस्तीभोवती वाट मोकळी राहावी म्हणून. म्हणजे झुडपांचं गवतरान करण्यासाठीच! त्यांना ते जमत होतं कारण संख्या मर्यादित होती, जागा निवडलेल्या होत्या आणि युरोपातलं एकही गवत तिथे नव्हतं. आज त्याच मुलखात दोन कोटींवर माणसं, लाखो मैल फिरणाऱ्या गाड्या, डोंगरमाथ्यांवरून गेलेल्या विजेच्या तारा आणि रानओट आहे. चुमाशांचं नाव घेऊन ठेकेदाराला बुलडोझर देणं, यात चुमाशांचा मान कुठे आला?

मग घरं का जळतात? अल्टाडेनाचा नकाशा पाहा. जळालेला मोठा भाग सपाट, चौकटी आखलेल्या गल्ल्यांचा आहे, डोंगराच्या कडेपासून बराच आत. जवळजवळ सगळे मृत्यू लेक अव्हेन्यू या रस्त्याच्या पश्चिमेला झाले, जिथे घर सोडण्याचा इशारा कित्येक तास उशिरा पोचला. आगीनंतरच्या फोटोंत जागोजागी एकच दृश्य होतं: घराच्या जागी फक्त धुराड्याचा खांब, आणि शेजारी हिरवं झाड उभं. झाडामुळे घर पेटलं असतं तर झाड आधी गेलं असतं. ठिणगी पोटमाळ्याच्या हवेच्या जाळीतून आत गेली, पन्हाळीतल्या पाल्यात पडली, कुंपणाच्या फळीला लागली. एक घर पेटलं आणि त्याच्या धगीने सहा फुटांवरचं दुसरं. अमेरिकेच्या वनखात्यातले माजी संशोधक जॅक कोहेन 1990 च्या दशकापासून हेच सांगत आले आहेत. कॅनडाच्या उत्तरेत त्यांनी पेटत्या जंगलासमोर लाकडी भिंती उभ्या करून पाहिल्या: 10 मीटरवरची पेट घेऊ शकते, 20 मीटरवरची करपते, 30 मीटरवरची शाबूत राहते. अलेक्झांड्रा सायफर्ड यांच्या गटाने 2014 मध्ये सॅन डिएगोतली वाचलेली आणि जळलेली घरं ताडून पाहिली. घराभोवती 5 ते 20 मीटर झाडी विरळ केल्याचा फायदा स्पष्ट दिसतो, 30 मीटरच्या पुढे कितीही कापा, जास्तीचं काही मिळत नाही. पॅराडाइजमध्ये, कॅलिफोर्नियाने 2008 मध्ये कडक बांधकाम नियम आणल्यानंतर बांधलेल्या घरांपैकी साधारण निम्मी धक्का न लागता राहिली; त्याआधीच्या घरांपैकी पाचातलं एकसुद्धा नाही.

यातलं नवीन काहीच नाही, याचाच जास्त संताप येतो. नोव्हेंबर 1961 मध्ये बेल एअर या श्रीमंत वस्तीत 484 घरं जळाली तेव्हाच कळलं होतं की लाकडी फळ्यांची छपरं उडत्या ठिणग्यांना आमंत्रण देतात. त्या छपरांवर शहराची पूर्ण बंदी यायला जवळपास तीन दशकं गेली. मधल्या काळात डोंगर खरवडण्यावर मात्र कुणाचं दुमत नव्हतं. डोंगराला मतही नसतं आणि विटा-कौलांचा खर्चही करावा लागत नाही.

हवामानबदलवाल्यांशीही माझं भांडण आहे, जरा वेगळं. मे 2024 पासून जानेवारी 2025 मध्ये आग लागेपर्यंत लॉस एंजेलिसच्या मध्यभागात 10 मिलिमीटरसुद्धा पाऊस पडला नाही. त्याआधीचे दोन हिवाळे धो धो ओले होते, त्यांनी गवत माजवलं. हिवाळा सुरू झाला तरी पाऊस येत नाही आणि सांता आना वारे मात्र ठरल्या वेळी येतात, ही गाठ तापत्या पृथ्वीवर जास्त वेळा पडणार हे पटण्यासारखं आहे. पण कोरडं रान आणि सांता आना वारे यांची गाठ 1889 सालीही पडली होती. सगळा दोष आकाशावर टाकला की वीजकंपन्या, बिल्डर आणि नगरपालिका सुटतात. विच आग विजेच्या तारांनी लावली, 2017 ची टॉमस आगही तारांनीच. ईटन आगीबद्दल तर अमेरिकेच्या केंद्र सरकारने वीजकंपनीवर खटला भरला आहे. सीडर आग एका चुकलेल्या शिकाऱ्याने मदतीसाठी केलेल्या धुरातून लागली. पॅलिसेड्सची आग सहा दिवसांपूर्वीच्या, विझली म्हणून सोडून दिलेल्या आगीतून उसळली, असं तपासयंत्रणा म्हणतात. पाण्याची टाकी दुरुस्तीसाठी रिकामी होती, नळ कोरडे पडले, या तक्रारीही खऱ्या आहेत. पण शंभर घरं एकदम पेटलेली असताना घरगुती वापरासाठी बांधलेलं कुठलंही नळजाळं टिकत नाही. ठिणगी कुठून येते ते माहीत आहे. वाऱ्याच्या दिवशी तारा बंद करणं, त्या जमिनीखालून नेणं, रस्त्याकडेचं गवत काढणं ही कंटाळवाणी कामं आहेत, आणि बुलडोझरसारखी टीव्हीवर दिसत नाहीत.

झुडपं काढण्याची दुसरीही किंमत असते, आणि ती शंभर वर्षांपूर्वी लोकांना आपल्यापेक्षा नीट माहीत होती. 1892 मध्ये कॅलिफोर्नियातलं पहिलं राखीव वन जाहीर झालं ते लॉस एंजेलिसच्या वरच्या सॅन गॅब्रिएल डोंगरांत. तिथे इमारती लाकूड होतंच कुठे? खालच्या संत्र्यांच्या बागांना पाणी मिळावं आणि पुराने त्या वाहून जाऊ नयेत, म्हणून झुडपं राखली. 1933 च्या नोव्हेंबरमध्ये ला क्रेसेंटाच्या वरचा उतार जळाला आणि 1 जानेवारी 1934 च्या मध्यरात्री पावसाने तोच डोंगर चिखल-दगड होऊन खाली आला. चाळीसहून जास्त माणसं मेली. 2018 च्या जानेवारीत माँटेसिटोत तेच झालं: टॉमस आगीत थेट दोघं गेले होते, नंतरच्या दरड-चिखलात 23. झुडपांची खोल मुळं धरून ठेवतात ती माती वर्षभरात वाळणारं गवत धरू शकत नाही.

आणि त्याच डोंगरांवर, अल्टाडेनाच्या अगदी वर, हेनिंजर फ्लॅट्स नावाच्या सपाटीवर थिओडोर ल्यूकन्स यांनी रोपवाटिका थाटली होती, झुडपांच्या जागी पाइनचं 'खरं' जंगल उभं करायला. हजारो रोपं लावली. बहुतेक टिकली नाहीत. चिली, पोर्तुगाल आणि दक्षिण आफ्रिकेत झुडपी रानांच्या जागी लावलेले पाइन आणि निलगिरी टिकले, आणि ते कसे जळतात हे 2017 मध्ये पोर्तुगालच्या पेद्रोगाओ ग्रांदेत 66 माणसांच्या जिवावर कळलं. आपण महाराष्ट्रात यातलं काय करतोय? सोलापूर, नगर, पुण्याच्या पूर्वेचा पट्टा हा बोर, खैर, हिवर, तरवड आणि कुसळीचा मुलूख आहे. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी जमीन हा पडीकचाच एक वर्ग. नान्नजला माळढोकसाठी अभयारण्य काढायचं आणि शेजारच्या माळाला ओसाड म्हणून गिरिपुष्पाने झाकायचं, हे आपण एकाच खात्याकडून करून घेतो. 2017 ते 2019 मध्ये 50 कोटी झाडांचा संकल्प झाला तेव्हा खड्डे कुठे खणले जातात हे विचारणाऱ्याला झाडांचा वैरी ठरवलं गेलं.

मात्र कॅलिफोर्नियाचं उत्तर इथे जसंच्या तसं आणायला माझी ना आहे. आपलं माळरान चॅपरल नव्हे. इथे गवत देशी आहे, पाऊस उन्हाळ्यानंतर लगेच येतो, आणि आगीची लय कैक पटींनी जलद. 2024 मध्ये पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तळेगाव-दाभाडेच्या माळावरून डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा या नव्या वनस्पतीची नोंद केली. ती पावसाळ्यानंतर एकदा फुलते, आणि उन्हाळ्यात गावकऱ्यांनी गवत पेटवल्यावर तिच्या लाकडी गड्ड्यातून बुटके धुमारे फुटून दुसऱ्यांदा फुलते. याचा अर्थ दर फेब्रुवारीत प्रत्येक टेकडी पेटवावी असा नाही. सह्याद्रीच्या घळींतलं सदाहरित रान त्याच वणव्याने मागे हटतं, आणि जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला आधीच जाळलेला पट्टा, काढणाऱ्या वनरक्षकाच्या हातात बऱ्याचदा झाडाची फांदी सोडून दुसरं साधन नसतं हेही पाहण्यातलं आहे. पण 'वणवा म्हणजे गुन्हा' आणि 'वणवा म्हणजे परंपरा' या दोन फलकांमध्ये तळेगावच्या त्या हातभर झाडाला जागा नाही. कोणत्या माळाला किती वर्षांनी, कोणत्या महिन्यात, ही विचारणा आपल्याकडे अजून नीट सुरूही झालेली नाही.

लॉस एंजेलिसमध्ये ती विचारणा झाली आहे, उत्तरंही आली आहेत. अडतंय ते पुढे. घराच्या भिंतीपासून पहिल्या पाच फुटांत पेट घेणारं काही ठेवायचं नाही, असा कायदा कॅलिफोर्नियाने 2020 मध्येच केला. नियम 1 जानेवारी 2023 पर्यंत यायचे होते, आले नाहीत. आगीनंतर फेब्रुवारी 2025 मध्ये गव्हर्नरांनी वर्षअखेरची मुदत घातली, आणि सुनावण्यांना गर्दी उसळली: खिडकीखालचे गुलाब, शेजाऱ्याची नजर अडवणारी मेंदीसारखी कुंपणं, भिंतीला टेकलेलं लाकडी फाटक, यांना हात लावायचा नाही. त्यांच्यातल्या काहींचा मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. पाणी घातलेलं हिरवं झाड ठिणग्या अडवूही शकतं, आणि त्यावर संशोधकांतही एकमत नाही. पण त्याच शहरात, त्याच वर्षी, मैलोन्‌मैल लांबच्या डोंगरावरची हजारो एकर झुडपं काढण्याला एवढी गर्दी करून कुणी विरोध केला नाही. पाच फुटांवर वाद आहे, पन्नास किलोमीटरवर नाही.